शिंचूला थांबलेली बस

समारंभाचे अध्यक्ष माननीय हिरोसे साहेब, व्यासपीठावरच्या आदरणीय पाहुण्या श्रीमती ओतोवा, आज निवृत्त होणारे आमचे उमेझावासान, आणि साकाताच्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मी कुनिए. प्रवास कार्यालयात वीस वर्षं उमेझावासानांच्या शेजारच्या टेबलावर बसले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल अध्यक्ष बोलतीलच, मी फक्त तैवानबद्दल बोलेन. उमेझावासान, मान खाली घालू नका.

सतरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं ज्येष्ठांच्या गायनमंडळाला घेऊन तैवानला निघालो. उतरल्यावर काय करायचं, पुढे कसं जायचं, याची यांनी नऊ पानं लिहिली होती. विमानतळावर 'उमेझावा' असा फलक धरून ड्रायव्हर उभा होता. आम्ही अकरा जण बसमध्ये चढलो. संशय यावा असं त्यात होतं तरी काय?

ताइचुंगला पोचायला दोन तास लागणार होते. बस पन्नास मिनिटांतच शिंचूच्या एका मंगल कार्यालयापुढे थांबली.

"कुणीही उतरू नका," उमेझावासान म्हणाले. "आपण सत्तर मिनिटं लवकर आलोय."

आम्ही बसून राहिलो. एक बाई बसमध्ये चढल्या, आमच्या गायनमंडळातल्या ओतोवाबाईंचे हात धरून रडायला लागल्या. त्यांची भाषा कुणालाच येईना. मागोमाग नवरदेवाच्या वेशातला एक तरुण धापा टाकत आला.

"माफ करा," तो आपल्या जपानी भाषेत म्हणाला. "मी र्योहेई, माझंही आडनाव उमेझावा. ही बस माझ्या घरच्यांसाठी होती. बाबांना हे लग्न पसंत नाही. येणार नाही म्हणाले, तरी मी बस पाठवली. या माझ्या सासूबाई. त्यांना वाटतंय, तुम्हीच माझ्या घरचे. जेवायला बसाल का?"

"आमच्या कार्यक्रमात ते नाही," उमेझावासान म्हणाले.

"मला भूक लागलीय," ओतोवाबाई म्हणाल्या.

उमेझावासानांनी पेन्सिल काढली, एक ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'लग्न'. मग फोन करून आमची खरी बस तिथेच बोलावली.

जेवण झाल्यावर वरपिता समजून उमेझावासानांना चार शब्द बोलायला सांगितलं. आणि हे तर अविवाहित गृहस्थ! घाबरून त्यांनी खिशातली प्रवासाची तीच नऊ पानं काढली आणि गंभीर आवाजात वाचायला लागले. "एकमेकांचा हात सोडू नये. सामान स्वतः उचलावं. शौचालयाला आधीच जाऊन यावं. उशीर झाल्यास बस थांबेल."

र्योहेई भाषांतर करत होता. शौचालयापाशी तो अडखळला आणि म्हणाला, "सुखी राहा." पण नवरी मुलगी आपली भाषा शिकलेली होती. ती हसता हसता उठली, यांच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "बाबा, खरंच थांबेल ना?"

त्या दिवशी ताइचुंगला पोचायला आम्हाला पाच तास उशीर झाला. सासूबाईंना र्योहेईने संध्याकाळीच खरं सांगितलं. त्यांनी आम्हा अकरा जणांना मिठाई पाठवली.

यापुढचं उमेझावासानांनी कुणाला सांगितलेलं नाही; मला ते र्योहेईच्या पत्रातून कळलं, म्हणून मी सांगते. परत आल्यावर हे सेंदाईला र्योहेईच्या वडिलांकडे गेले. साकाता ते शिंचू नव्हे, सेंदाई ते शिंचू अशी प्रवासाची नवी आखणी घेऊन. वडिलांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पुढच्या महिन्यात हे पुन्हा गेले. असे चार वेळा गेले. पाचव्या वेळी वडिलांनी कागद हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि विचारलं, "तिथे थंडी असते का?"

उमेझावासान, आम्हा सर्वांतर्फे तुमचे मनापासून आभार. तुमचं गुपित फोडलं, वेळही जास्त घेतला. दोन्हींबद्दल सभागृहाने मला उदार मनाने क्षमा करावी.