घडीच्या आतले हिरवे टाके

बसा, सगळे बसा. त्रिशरण झालं, आता घरच्यांनी दोन शब्द बोलायचे म्हणतात. मी वसंताची धाकटी बहीण. दादासाठी रडून झालंय माझं. आज रडायला उभी राहिलेली नाही.

मिलवाल्यांनो, फोटोपुढचं हे पदक तुम्ही ओळखता. आमचे आजोबा महूच्या पलटणीतून बर्माच्या लढाईत गेले, तिथून हे जपानी पदक घेऊन आले. त्रिकोणी घडी घातलेली पांढरी रेशमी फीत, दोन्ही कडांना लाल पट्टे. मिल बंद पडली तेव्हा दादाने ते विकायचं ठरवलं, पारखायला किशन भियाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ठेवलं. भिया पहिल्याच रांगेत बसलेत. बसा, बसा.

भियाने पदक परत दिलं ते भर चौकात. "फीता तो नया है, वसंत भाई. तमगा भी बाजार का होगा. दादाजी बर्मा गए भी थे?"

दादा मिलच्या गेटावर एकच सांगत राहिला. आमच्या फितीला घडीच्या आत हिरवे टाके होते. आजीने लुगड्याच्या काठाचा धागा ओढून घातलेले. ही फीत आमची नाही. आणि तुम्ही? तुम्ही हसलात. भिया म्हणाले, मिल बंद हुई, साथ में दिमाग भी बंद हो गया. त्यावरही हसलात. दादाने गेटावर जाणं सोडलं. मग घराबाहेर पडणंच सोडलं.

आता नीट ऐका. या फितीचा एक धागा मी सकाळी मेणबत्तीवर धरला. वितळून गोळी झाली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, हे तुम्हा कापडमिलवाल्यांना मी काय सांगू. हे नायलॉन आहे. फीत नवीच आहे, भिया खरं बोलले होते.

मग जुनी कुठे गेली?

परवा मी त्यांच्या दुकानात गेले. काचेत दुसरं एक जपानी पदक होतं, चकचकीत, पण फीत पिवळट पडलेली. म्हटलं, भिया, सभेत फोटोपाशी ठेवाल का? दादाला फार हौस होती. "हां हां, क्यों नहीं." स्वतःच्या हाताने आणून ठेवलंत. तुम्ही हार आणायला गेलात तेवढ्यात मी घडी उलगडली. चहात बुडवून जुनी केलेली फीत आतबाहेर सारखीच पिवळी असते. हिचा रंग बाहेरून उडालाय, आत लाल तसाच आहे. आणि त्या लालवर आजीचे हिरवे टाके. बाजारातल्या नव्या पदकाला आमची खरी फीत लावलीत, लढाईतलं म्हणून विकायला.

कुठे निघालात, भिया? बसा म्हटलं ना.

मला पोलीस नको. तुमचं पदक घेऊन जा, फीत इथेच राहील.

आता स्तब्ध उभं राहायचं. एकेकाने पुढे या, फूल वाहा, घडी उलगडून बघा, परत जागेवर जा. कोणी बोलायचं नाही. आणि भिया, तुम्ही इकडे या, फोटोशेजारी. लोकांकडे तोंड करा. शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत मान वर ठेवायची.

दादा, तूही बघ.

उठा सगळे.