टमाटरच्या रोगात मी पास झालो

माझी हुशारी आयकाच. वरोऱ्याजवळच्या आमच्या वावरात टमाटरची हिरवीगार झाडं अचानक मान टाकून राह्यली होती. बायको म्हणे, "पाणी कमी पडलं." मी म्हटलं, "नाई, हा मर रोग आहे. दाखवतो तुले."

एका झाडाच्या खोडाचा तुकडा कापला अन् काचेच्या गिलासात, साफ पाण्यात उभा धरला. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरली. मले असा आनंद झाला, जसा काही परीक्षेत पहिला आलो.

"पाह्य, जिवाणूच आहे. मी म्हटलंच होतं."

"मंग औषध कोणतं मारायचं?" तिनं विचारलं.

"याले औषध नाई. झाडं उपटून जाळा लागते."

ती शांतपणे म्हणाली, "मंग हासून काऊन राह्यले? वावर आपलंच आहे ना?"