जिंकलो तरच

...नाही, पण मला एक सांगा, गेलेल्या नवऱ्याला मातीत ठेवायचं तर आधी फुटबॉलचा संघ जिंकायला हवा, असली अट कुठल्या बायकोला घातलेली ऐकलीय तुम्ही? माणसं जाताना काय काय बोलतात, देवाचं नाव घेतात, मुलीकडे लक्ष दे म्हणतात, जमीन विकू नकोस म्हणतात... आणि आमचा क्लॅरी! उभा जन्म काढला मी याच्याबरोबर, मेंढ्या राखल्या, दुष्काळ काढले, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर माझा हात हातात घेऊन हा काय म्हणाला असेल? तुम्हाला सांगते, मी अशी वाकले, कान त्याच्या तोंडाशी नेला, वाटलं, आता बोलेल काहीतरी, पुढं जन्मभर पुरेल असं. तर म्हणाला, "नोला, माझी राख आपल्या मैदानात पुर. स्कोअरबोर्डकडच्या गोलखांबाखाली. आणि पोरांना क्लबचं गाणं म्हणायला लाव. पण जिंकलो तरच हं!"

मी म्हटलं, "आणि नाही जिंकलो तर?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपला. तर म्हणतो कसा, "तर काय... पुढच्या शनिवारी बघू."

संपलं! त्यापुढं एक अक्षर नाही. आता हे वाक्य काय मला नवीन होतं? छपरातून पाणी गळतंय, पुढच्या शनिवारी बघू. कुंपणाची तार तुटलीय, मेंढ्या शेजाऱ्याच्या गव्हात, पुढच्या शनिवारी बघू. आणि पुढचा शनिवार आला की हा बसलाय मैदानावर गळ्यात मफलर गुंडाळून! म्हणजे जगताना जे काम कधी केलं नाही ते ज्या शनिवारावर ढकललं, त्याच शनिवारावर मरणही ढकलून मोकळा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, एखादा सामना तर कुणीही जिंकतं. कुणीही जिंकतं! आमचं गाव वुरिनाप नाही जिंकत. क्लॅरी गेला तेव्हा दोन हंगाम झाले होते आम्हाला विजय बघून. अहो, आजूबाजूच्या गावांनी संघाला नावं दिली वाघ, गरुड, झालंच तर वादळ. आणि आमच्या वाडवडिलांनी काय ठेवलं? टिटव्या! का, तर टिटवी मैदानाच्या मधोमध अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की डोक्यावर झडप घालते. ती घालते हो झडप. आमचे खेळाडू घालतात का? दरवर्षी एप्रिलमध्ये सराव सुरू होतो तेव्हा त्या एका खऱ्या टिटवीनं आमच्या सगळ्या संघाला मैदानाबाहेर पळवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तिलाच खेळवा म्हणाले होते मी.

आणि खेळ तरी केवढा कनवाळू! आमच्या या फुटबॉलात चेंडू हातानं झेलताही येतो, आणि चार खांब असतात रांगेत. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला की सहा गुण, पंच दोन झेंडे हलवतो. बाजूच्या फटीतून गेला, नाहीतर खांबाला थडकला, तरी एक गुण! एक झेंडा! म्हणजे नेम चुकला, बिचाऱ्यानं प्रयत्न तर केला, घे एक गुण. चुकल्याबद्दल बक्षीस देणारा दुसरा खेळ दाखवा मला. आणि तरीही आम्ही हरतो.

गाण्याचं तर विचारूच नका. गाणं म्हणजे काय, "आम्ही वुरिनापच्या टिटव्या, अंगावर याल तर डोळे फोडू", आणि पुढं तेच परत. पण ते म्हणायचं फक्त जिंकल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत, घामेजल्या अंगांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गोल करून. हरल्यावर नाही. सरावात नाही. आंघोळ करताना गुणगुणायचंही नाही! आमच्या लिनेटच्या लग्नात बँडवाल्यानं हौसेनं ती चाल धरली. पाहुणे उठले टाळ्या वाजवत. आणि हा, नवरीचा बाप, सुटातला, मांडवात हात वर करून उभा! "थांबवा! आज आपण काय जिंकलंय?" आणि बघतोय कुणाकडे? जावयाकडे! जावई अजून विसरलेला नाही.

बरं, राख मिळाली, ती कशात? प्लॅस्टिकच्या डब्यात. रंग कुठला? मरून, तो काळपट लाल! हॅटफील्डचा रंग! शेजारचं गाव आमचं, सात पिढ्यांचं वैर, आणि माझा नवरा त्यांच्या रंगात! त्या काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "बाई, दुसरा रंग नाही का?" ती माझ्याकडे अशी दयेनं बघते, "धक्का बसलाय तुम्हाला, बसा हं." बसते कसली! घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, पोपटांचं चित्र असलेला, आणि क्लॅरीला त्यात ठेवलं. चहाच्या नि साखरेच्या मधे. तेवढा एकच डबा ओट्याजवळ मावत होता.

माझी नणंद ग्वेंडा, क्लॅरीची थोरली बहीण, देवळातली सगळी फुलं हीच रचते, ती आली आणि डबा बघून खुर्चीत कोसळली. "नोला! माझा भाऊ बिस्किटात!" म्हटलं, बिस्किटं काढलीत गं. "अगं, देवळामागं आईबाबांशेजारी जागा आहे, पाद्री तयार आहेत, गाणं हवंय तर तेही म्हणू हळू आवाजात, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, "त्याला कळेल." आता हे मी का म्हटलं? मला फुटबॉल कधी आवडला नाही हो! मी आयुष्यभर मैदानावर गेले ती खिम्याची पॅटिस गरम करायला, क्लबच्या खिडकीत उभी राहून, सॉसची बाटली हातात घेऊन. सामना माझ्या पाठीमागं व्हायचा. पण म्हटलं. आणि अडकले.

मग काय, दर शनिवारी वरात! गाडीत शेजारच्या सीटवर डबा, त्याला पट्टा, वर क्लॅरीचं मफलर. स्कोअरबोर्डजवळ मिरीसारखे दाणे धरणाऱ्या त्या मोठ्या झाडाखाली त्याची गाडी लावायची ठरलेली जागा, ती रिकामीच ठेवायची सगळी. काच खाली करायची, त्याला दिसायला नको का? आमच्याकडे माणसं गाडीत बसूनच बघतात, गोल झाला की हॉर्न वाजवायचा. मी कधी वाजवलेला नव्हता. आता त्याच्या वतीनं वाजवायला लागले. आधी लाजत, एकदाच, पुक. मग जोरात. पॅटिसची खिडकी सुटली माझी. डब्याशी बोलायला लागले, "बघितलंस का, काय सोडला तो चेंडू! लोण्याचे हात आहेत का याचे?" जिवंतपणी जेवढं बोललो नसू तेवढं त्या गाडीत बोललो. म्हणजे मीच. तो आपला नेहमीसारखा.

आणि वर्न! क्लबचा अध्यक्ष, क्लॅरीचा जिवलग, बोलतो इतका सावकाश की वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. यानं आपल्या गाडीत फावडं ठेवलं. "जिंकलो... की लगेच... खड्डा." दर शनिवारी फावडं यायचं, दर शनिवारी फावडं परत जायचं. पावसात हरलो, उन्हात हरलो. एकदा समोरच्या संघाचे अर्धे खेळाडू तापानं घरी होते, तरी हरलो! दर वेळी वर्न माझ्या काचेशी यायचा, टोपी काढायचा, डब्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या... शनिवारी... बघू." आणि मी घरी येऊन डबा पुन्हा चहाच्या शेजारी.

जुलैत वर्ननं सगळ्यांना क्लबात बोलावलं. उभा राहिला, टोपी काढली. आणि सावकाश सांगितलं. खेळायला पोरं उरली नाहीत, शेती यंत्रांची झाली, घरं बंद झाली. पुढच्या वर्षापासून आपला क्लब हॅटफील्डमध्ये विलीन. त्यांचं मैदान, त्यांचा मरून रंग, आणि गाणं... नवीन. बाहेर ती टिटवी तेवढी ओरडत होती. आणि मग एकेक मान वळली माझ्याकडे, कारण सगळ्यांना माहीत होतं, हंगाम संपला की क्लॅरीचं गाणंही संपलं. यापुढं शनिवारच नाही.

शेवटचा सामना कुणाशी असणार? हॅटफील्डशीच! आमच्या मैदानावर. अख्खा मुलूख लोटला. लिनेट आली, जावईही आला हो, मफलर घालून. ग्वेंडा माझ्या मागच्या सीटवर, मांडीवर फुलं, ओठ हलतायत. आणि काय सांगू तुम्हाला, टिटव्या त्या दिवशी झडप घालत होत्या! पडतायत, उठतायत, रक्ताळलेल्या गुडघ्यांनी पळतायत, जे धड चालू शकत नव्हते ते धावत होते. हॉर्न दाबून माझा अंगठा दुखायला लागला. चारपैकी तिसरा टप्पा संपला तेव्हा तर आम्ही पुढं! वर्न फावडं काढून झाडाला टेकवून उभा.

मग ते पुढं गेले. मग आम्ही. मग ते, एका गुणानं. आणि शेवटच्या क्षणी डगीनं, आमचा डगी, गावात नळ दुरुस्त करतो, पोट असं पुढं, त्यानं चौघांच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू झेलला! कसा झेलला देव जाणे. भोंगा वाजला. वेळ संपली. पण झेललेला चेंडू मारायचा त्याला हक्क. खांब समोर, स्कोअरबोर्डकडचे. क्लॅरीचे खांब! सहा मिळाले की जिंकलो.

सगळे हॉर्न गप्प. ग्वेंडानं माझा खांदा धरला. मी डबा मांडीवर घेतला, घट्ट. डगी मागं सरकला, मोज्यावर हात पुसले, धावत निघाला... आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"नको."

हो, नको! संपूर्ण गाव देवाची आळवणी करतंय आणि ही बाई म्हणते नको! कारण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की चेंडू आत गेला तर वर्न खड्डा खणणार, पोरं गाणार, आणि संध्याकाळी मी रिकामा डबा घेऊन घरी जाणार. मग चहाच्या नि साखरेच्या मधे काय ठेवू हो मी? कुणाला म्हणू, बघितलंस का? मला नव्हतं त्याला सोडायचं. अख्खा हंगाम मी कुरकुर केली, पण त्या शनिवारांवरच उभी होते मी.

ठण्ण! खांबावर! इतका स्वच्छ आवाज की मेंढ्यांनीही माना वर केल्या असतील. पंचानं एक झेंडा उचलला. एकच. एक गुण. बरोबरी!

जिंकलो नाही. हरलो नाही. आता काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं, हॅटफील्डवालेही टोप्या काढून उभे. डगी गवतात बसून ढसाढसा रडत होता. मग उठला, सगळे चिखलमाखले माझ्या गाडीशी आले. डगी म्हणाला, "नोलाकाकू, माफ कर गं." वर्न म्हणाला, "नोला... हरलो तर... नाही ना आपण. तू म्हणशील... तर गाऊ." मागून ग्वेंडा, "म्हण गं हो, म्हण!" पोरांनी तर एकमेकांच्या गळ्यात हातही टाकले होते, गोल तयार. फक्त माझ्या एका शब्दाची खोटी.

मी त्या तोंडांकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. आणि म्हटलं, "जिंकलो तरच, म्हणाला होता तो."

एकानंही वाद घातला नाही. माना हलवल्या सगळ्यांनी, "बरोबर आहे, क्लॅरी तसाच होता." त्यांना वाटलं, केवढी निष्ठा या बाईची नवऱ्यावर! निष्ठा कसली, मी आपला स्वार्थ त्याच्या नियमात गुंडाळून घरी घेऊन आले. डगीला मात्र जवळ घेऊन सांगितलं, "झक्कास मारलास रे." तो अजून समजतो, मी त्याचं मन राखलं.

आता यंदा हॅटफील्डच्या मैदानावर जाते. क्लॅरीला घेऊन. नवा संघ दर शनिवारी जिंकतो, डोळे दिपतील असा जिंकतो, आणि ते नवीन गाणं सुरू झालं की मी काच वर करते आणि मफलर डब्यावर ओढून घेते. परवा वर्न आला काचेशी. फावडं अजून त्याच्या गाडीतच. म्हणाला, "नोला... आता तर... जिंकतोय आपण. करून टाकू?" म्हटलं, "हे मरूनवाले जिंकतायत. टिटव्या कुठं जिंकल्यात?"

त्यानं डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, "अगं... टिटव्यांचा संघच... नाही उरला. आता जिंकणार... कधी?"

मी गाडी सुरू केली, डब्याचा पट्टा नीट लावला आणि म्हटलं, "पुढच्या शनिवारी बघू."