कुवेतमधला गीझर

अय्यो, एवढ्याशा उन्हाला उकडतंय काय म्हणता गं! आम्ही कुवेतला होतो तेव्हा उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं, की नळाखाली हात धरवत नसे. म्हणून तिथं उन्हाळाभर गीझर बंदच ठेवायचा. तो घरात, एसीत असतो, त्यामुळे त्यात साठलेलं पाणी निवतं. अंघोळीला तेवढंच काय ते गार पाणी.

मामंजींना सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिकडे जाणंच पसंत नव्हतं. त्यामुळे हा दर फोनवर ठोकून द्यायचा, "हवा ना? अगदी मैसूरसारखी!"

एका जुलैत सासूबाई एकट्याच आल्या. दमून आलेल्याला कढत पाणी द्यायचं, ही आमच्या मैसूरच्या, चामराजपुरमच्या घरची रीत. सुहास दुपारी कामावरून यायच्या आत त्यांनी मायेनं गीझर लावून ठेवला. यानं पहिलाच तांब्या पाठीवर घेतला आणि किंचाळत बाहेर आला. पाठ लालेलाल!

"अरे, गार पाणी घालून घ्यायचं ना?"

"आई, इथं गार पाणी गीझरमध्येच असतं!"

त्यांनी जाऊन दुसऱ्या नळाखाली बोट धरलं आणि चटकन मागं घेतलं. बर्फाच्या पाण्यात पंचा भिजवून त्याच्या पाठीवर ठेवत बसल्या.

तेवढ्यात मैसूरहून मामंजींचा फोन. "काय गं, हवा कशी आहे तिथली?"

सासूबाईंनी लेकाच्या पाठीकडे पाहिलं.

"अगदी मैसूरसारखी," म्हणाल्या, आणि पदरानं त्याला वारा घालत राहिल्या.