रुसलेल्या मामाच्या मांडीवर जावळ

आमच्या मामाचं रुसणं तुमी पाहिलं न्हाई, म्हणून सांगते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. कुरुंद्यात माझ्या धाकट्या भावाचं जावळ होतं, आन् जावळ काढताना लेकरू मामाच्याच मांडीवर लागतं. मामा सेनगावाहून आला खरा, पण अंगणाबाहेर लिंबाखाली बसून राहिला.

"मला आणायला बैलाची दमणी काहून धाडली न्हाई? मी उंबरा वलांडत न्हाई."

बाबांनी हात जोडले, आईनं डोळ्याला पदर लावला. मामा ढिम्म.

मी तवा तेरा वर्साची. चुलत भावंडं गोळा केली, लेकरू कडेवर घेतलं, म्हादू न्हाव्याला हाताला धरून लिंबाखाली नेलं आन् लेकरू मामाच्या मांडीत ठेवून दिलं.

"काका, लावा वस्तरा."

मामा उठाया लागला.

न्हावी म्हणला, "पाव्हणं, हलू नका. लेकराच्या डोक्यावर वस्तरा हाय."

मामा श्वास धरून बसला. तेवढ्यात आमी पोरांनी त्याच्या तोंडात लापशीचे घास भरले. लेकरू खुदकन हसलं, मग मामालाबी हसू आवरंना. सारी पंगत लिंबाखालीच बसली.

पुढंबी मामा लई कार्यांत रुसला, पण खाली बसून कधी न्हाई. उभ्यानंच रुसायचा.