सोमती मुकी नव्हती

मायबाप, जरा पुढं सरका. मध्ये एवढी मोकळी जागा ठेवून मागं भिंतीला टेकून बसलात, म्हणजे झोपायची सोय आधीच बघून ठेवली म्हणायची! हां, या. आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. दिसायला सोपा आहे. सगळ्यांना सारखं देणं, म्हणजे न्याय का?

बघा, लगेच माना हलल्या. थांबा, घाई करू नका. एका घरात आजोबा आहेत, दात सगळे गेलेले. एक रांगतं लेकरू आहे. आणि एक गडी दिवसभर औत धरून आलेला. घरची बाई काय करते? तिघांपुढं एकेक कडक भाकरी आणि एकेक हिरवी मिरची ठेवते. वर म्हणते, माझ्याकडे आपपर नाही बरं का! हसताय? लेकरू रडतंय, आजोबा भाकरीकडे नुसते बघताहेत, आणि बाई मात्र समाधानानं पदराला हात पुसतेय. आता सांगा, तिनं वाढलं म्हणायचं का नाही?

या प्रश्नापाशी एक बाई येऊन पोचल्या होत्या. स्वतःहून नाही आल्या. त्यांना यावं लागलं. त्यांची हकिगत सांगतो, ऐका.

मेळघाटाच्या पायथ्याशी एक निवासी शाळा. गावाचं नाव सांगत नाही, तुम्हाला ते आपलंच वाटू दे. तिथं अनसूया बडगे नावाच्या शिक्षिका होत्या. पोरं त्यांना बडगे मॅडम म्हणायची. वय पस्तिशीच्या पुढं, लग्न झालं नाही. वर्ध्याकडं गावी एक आई होती, ती आदल्या वर्षी गेली. घराला कुलूप लागलं. तेव्हापासून बाईंना सुट्टी लागली की जायचं कुठं, हा प्रश्न. शाळेच्या मागं एक खोली, स्टो, दोन भांडी आणि खिडकीतून दिसणारा डोंगर.

बाई शिकवायला कडक, पण खोट्या नव्हत्या. पाटलाचा पोरगा असो की मजुराचा, सगळ्यांना तेच पुस्तक, तोच धडा, तोच वेग. अभिमानानं सांगायच्या, "माझ्या वर्गात सगळे सारखे." त्या वाढणाऱ्या बाईसारख्याच, मंडळी. हात अगदी सरळ!

त्या वर्गात सोमती नावाची पोर होती. सोमती बेठेकर, वय सात. वर डोंगरात तिचा पाडा. त्या बाजूची बाकीची लेकरं दुसऱ्या शाळेत जायची, पण तिथं जागा संपली म्हणून बापानं तिला इथं आणून सोडलं. शाळेत सगळे वऱ्हाडी बोलणारे. सोमतीच्या घरी कोरकू भाषा. कोरकू आणि मराठी, यांचं एकमेकीशी काही नातं नाही हो. तुम्हाला उद्या उचलून परदेशात ठेवलं आणि म्हटलं, हं, धडा वाच, तशी गत.

बाई चित्र दाखवायच्या. "हे झाड. म्हण, झाड." सोमती बघायची. बाई मोठ्यानं म्हणायच्या, "झाड!" ती आणखी घट्ट ओठ मिटायची. पहिलीचं वर्ष असं गेलं. दुसरीत ती नुसती ढकलली गेली. पोरांनी तिला मुकी म्हणायला सुरुवात केली. नंतर शाळेच्या स्वयंपाकघरातली माणसंही म्हणू लागली. आणि एक दिवस बडगे मॅडमच्याही तोंडून निघून गेलं, "त्या मुकीला आत बोलवा रे." निघून गेलं ते गेलंच. मग तेच नाव राहिलं.

दुसरीतली दिवाळी झाली, शाळा उघडली, आणि सोमती आली नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला, मॅडम. पोरगी मंदच आहे. वर जाऊन बापाचा अंगठा घेऊन या, नाव कमी करून टाकू. बाकीच्यांना घरदार आहे, तुमचं एक बरंय, तुम्हाला कुठं जायचं नसतं."

माणूस वाईट नव्हता. सहज बोलला. पण सहज बोललेलंच आत जाऊन बसतं.

बाई निघाल्या. एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं, पुढं पायी. नाला ओलांडला, चढ चढला. पाडा जवळ आला तसा वरून एक आवाज ऐकू यायला लागला. लहान पोरीचा आवाज, खणखणीत. शेळ्यांना हाका मारत होती, मध्येच दटावत होती, मध्येच गाणं. पलीकडच्या उतारावरून कोणी काही विचारलं तर त्याला ओरडून उत्तर देत होती, आणि तिकडून हसू येत होतं. बाईंना वाटलं, काय गोड पोर आहे कुणाची! वळणावरून वर आल्या आणि बघतात तर सोमती.

सोमतीनं त्यांना बघितलं. आणि आवाज थांबला.

मंडळी, जरा विचार करा. आपल्याला बघून एखाद्या लेकराचं गाणं बंद पडावं, याहून मोठी शिक्षा शिक्षकाला कोणती? बाई तिथंच उभ्या राहिल्या. 

बाप घरी नव्हता. खाली कापूस वेचायला गेलेला. घरात सोमतीची आई आणि म्हातारी आजी. दोघींना मराठी कळत नव्हतं. बाईंनी हातवारे करून पाहिलं आणि परत निघाल्या. नाल्यात शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला. घोटा असा मुरगळला की उठता येईना. पाड्यावरच्या बायांनी उचलून परत वर आणलं. आता बाप येईपर्यंत इथंच राहणं आलं.

आणि मग काय झालं, ऐका. म्हातारी एक वाटी घेऊन आली आणि काहीतरी म्हणाली. बाईंना कळलं नाही. म्हातारीनं तेच परत म्हटलं, मोठ्यानं. कळलं नाही. मग आणखी मोठ्यानं! मग खांदा धरून हलवून! कान शाबूत, अक्कल शाबूत, डी.एड. पहिल्या वर्गात पास, आणि बडगे मॅडम तोंड उघडं टाकून बसलेल्या. म्हातारी सुनेकडं वळून काहीतरी पुटपुटली. काय म्हणाली असेल? तुम्हीच सांगा.

दिवेलागणीला अंगणात शेकोटी पेटली. शेजारपाजारची माणसं जमली. कोणी काही सांगितलं, सगळे खदखदून हसले. बाईही हसल्या. का हसलो, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग वाटलं, आपल्यालाच तर हसत नसतील? हसू ओठावरच वाळलं. एवढ्या माणसांत बसून त्या अशा एकट्या झाल्या, जशा कुलूपबंद घराच्या पायरीवरही कधी झाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी कसलंसं तेल घेऊन पायाशी बसली आणि घोटा चोळू लागली. खरखरीत हात, पण जपून फिरणारा. बाईंना आईची आठवण आली. असंच तेल, असाच हात. त्यांना म्हातारीला सांगावंसं वाटलं, माझी आई गेली हो गेल्या वर्षी, तुमचा हात तिच्यासारखा आहे. पाणी खुणेनं मागता येतं, मायबाप. भूक खुणेनं सांगता येते. पण हे कुठल्या खुणेनं सांगायचं? तोंडापर्यंत आलेलं तोंडातच राहिलं, आणि बाईंचे डोळे भरले. म्हातारीला वाटलं दुखतंय. तिनं हात आणखी हलका केला.

सोमती दाराशी बसून हे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. उठली, वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन बाईंजवळ आली. तुंबा पुढं धरून म्हणाली, "डा."

बाई म्हणाल्या, "दा."

पोरीनं मान हलवली. रागावली नाही. थांबली. मग बाईंची बोटं धरून पाण्यात बुडवली आणि हळू म्हणाली, "डा."

"डा," बाई म्हणाल्या. पोर हसली. पहिल्यांदा हसली त्यांच्याकडं बघून.

मग ती शाळा सुरू झाली! शेळीची पिल्लं पुढं आणली आणि मोजायला लागली. मिया, बारी, आपय, उपुन, मोनोय. एक, दोन, तीन, चार, पाच. बाईंना तीनपर्यंत जमायचं, चारला गाडी अडायची. म्हातारी कोपऱ्यातून ओरडून सांगायची, "उपुन! उपुन!" सोमतीनं आजीला हातानं गप्प केलं. तिनं ओळखलं, या बाईच्या नुसतं ऐकून लक्षात राहत नाही. चिंचोके आणले. एकेक चिंचोका बाईंच्या तळहातावर ठेवायचा, एकेक बोट मिटायचं, मगच पुढचा शब्द. चौथं बोट मिटलं आणि बाईंच्या तोंडून आपोआप आलं, "उपुन."

त्या क्षणी बाईंनी हात आवरून घेतला. या पोरीला मोजता येत होतं. आख्खा कळप मोजून ती रोज घरी आणत होती. आणि आपण तिला गणितात शून्य देत आलो. तिच्याकडे उत्तर होतं, आपला प्रश्नच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांना टोचली. आपल्याला इथं येऊन एक दिवस झाला तर रडू फुटलं. आपण एवढ्या मोठ्या. हिनं दीड-दोन वर्षं काढली. हिच्या हातात कोणी चिंचोका ठेवला?

बाप आला. त्याला मोडकंतोडकं मराठी येत होतं. अंगठ्याचा कागद बाईंनी बाहेर काढलाच नाही. म्हणाल्या, "सोमतीला परत पाठवता का?"

बापानं पोरीला विचारलं. पोर कितीतरी वेळ बोलत होती. बाप वळून म्हणाला, "नाही म्हणते."

"एवढं बोलली, आणि एवढंच?"

"बाकीचं तुम्हाला सांगण्यासारखं नाही, मॅडम."

"सांगा. मला ऐकायचंय."

बाप जमिनीकडं बघत म्हणाला, "म्हणते, तिथं माझं नाव कोणी घेत नाही."

पाय ओढत त्या खाली आल्या. एकट्याच.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "झाला अंगठा?"

"नाही. तिचं नाव ठेवायचंय. ती येईपर्यंत दर रविवारी मी वर जाईन."

"एका पोरीसाठी? मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"त्यांच्याकडंही बघायचं राहूनच गेलंय, सर," बाई म्हणाल्या.

आणि त्या बघायला लागल्या. मागच्या बाकावर लोकेश नावाचा पोरगा होता, फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवायचा, रोज बोलणी खायचा. बाई त्याच्या बाकावर जाऊन बसल्या, त्याच्या शेजारी, आणि विचारलं, "तुला इथून काय दिसतं रे?" पोरगा म्हणाला, "पांढरं दिसतं." एवढंच! पुढं बसवला, चष्मा लागला, पोरगा लिहायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, वा महाराज, झालं सगळं गोड. नाही हो. वर्गात चाळीस पोरं, बाई एकट्या. काहींची कुलपं उघडली, काहींची किल्ली सापडलीच नाही. संध्याकाळी घसा बसायचा. बरोबरीचे शिक्षक म्हणायचे, मॅडमना पुढारीपण सुचलंय. चहाला बोलवणं बंद झालं. शाळेमागची खोली पूर्वीपेक्षाही गप्प झाली. आणि रविवारी वर जावं, तर सोमती ताटीच्या मागं लपून बसायची. बाई म्हातारीजवळ बसायच्या, दोन शब्द शिकायच्या, चार चुकायच्या, आणि उतरायच्या. किती रविवार ताटीमागून नुसते दोन डोळे दिसले. एकदा बाईंचा शब्द चुकला तेव्हा ताटीमागून खुदकन हसू आलं. पुढच्या खेपेला पोर बाहेर येऊन बसली. बाईंनी कोरकू शब्द आपल्या अक्षरात लिहून दाखवले. स्वतःच्या घरातला शब्द पाटीवर बघून ती पोर पाटीला हात लावून लावून बघत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. बापाचा हात धरून सोमती दारात आली. पोरं कुजबुजली. बाईंनी हजेरी घेतली, आणि तिच्यापाशी आल्यावर पूर्ण नाव घेतलं, "सोमती बेठेकर." मग सगळ्यांसमोर तिला कोरकूत विचारलं, बस, काही खाल्लंस का?

सोमती आत आली, पण उभीच राहिली. तिच्या ओठांची हालचाल झाली. आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं. बाईंचं चुकलं होतं, मंडळी! तिनं दुरुस्त करून दिलं. दोन वर्षांत त्या पोरीचा वर्गातला पहिला शब्द, आणि तो शिक्षिकेची चूक काढणारा! बाईंनी तिच्यामागं वाक्य नीट म्हटलं. तेव्हा सोमती खाली बसली आणि मराठीत म्हणाली, "हो. खाल्लं."

ती चौथीपर्यंत तिथं शिकली. मग पुढच्या शाळेत गेली, दूर. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. लेकरं पाहत नाहीत, आणि पाहू नये. बाई आहेत अजून त्याच खोलीत. जवळचं म्हणावं असं कोणी नाही. कधी एखाद्या रविवारी वर जातात, म्हातारीपाशी बसतात. म्हातारी पाय चोळते. बाईंना आता ती भाषा येते. त्यांनी तिला आईचं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग तिनं स्वतःच्या आईचं सांगितलं.

तर मायबाप, तुमच्या घरात कोण गप्प बसलेलं आहे? परीक्षेत मागं पडलेला नातू? नवी आलेली सून? ऐकू येत नाही म्हणून ज्याच्याशी बोलणंच सोडलं तो बाप? त्याला मंद म्हणण्याआधी, हट्टी म्हणण्याआधी, एकदा त्याच्या बाकावर जाऊन बसा. तिथून काय दिसतं ते बघा.

आणि माझं तरी काय? मीही आज सगळ्यांना एकच कथा सांगितली, एकाच आवाजात. कोणाला पोचली, कोणाला नाही, मला इथून दिसत नाही. म्हणून आता शेवटी नाव घ्यायचंय, ते एका सुरात नको. ज्याला गाता येतं त्यानं गावं. ज्याला ताल येतो त्यानं टाळी द्यावी. ज्याला शब्द येत नाहीत त्यानं नुसते हात जोडावेत. ज्याला तेही होत नाही त्यानं गप्प बसावं, आणि त्याच्या शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. विटेवर उभा आहे त्याला सगळ्या भाषा येतात. आपल्यालाच शिकायच्या आहेत. घ्या नाव, ज्याला जसं येईल तसं.