धुतलेला डबा

इरम : दादांची सकाळची दोन अंडी तशीच पडलीत बघा, भिवाबाबा. यखनी केली, मटणाचं पातळ सूप, तिला तर हात लावला नाही. खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. प्रोटीन पोटात गेलं नाही तर पायात ताकद येणार नाही, आणि वॉकर कोपऱ्यातच राहील.

फकरोद्दीन : राहू दे. कुठं जायचंय मला?

भिवा : ऐकलं का, पोरी? हाच तुझा आजा आष्टीच्या जिनिंगवर कापसाचं पोतं असं फेकायचा, की ते थेट परतूरच्या टेसनावर जाऊन पडायचं. मालगाडी थांबवून वापस आणावं लागायचं.

फकरोद्दीन : झूट. परतूरपर्यंत कधी गेलं न्हाई. रस्त्यातच पडायचं.

इरम : ती सगळी मटणाची ताकद, असं दादाच सांगायचे. आता मटण समोर ठेवलं की भिंतीकडं तोंड करतात.

भिवा : मटणाची? फकऱ्या, सांगू का रे हिला?

फकरोद्दीन : भिव्या, कसम घातली हाय तुला.

भिवा : पन्नास वर्षं झाली, कसमेची मुदत संपली. ऐक पोरी. ह्याच्या थोरल्या भावाचं मटणाचं दुकान. डब्यात रोज खिमा. आमच्या घरी मटण सणासुदीला. माझी घरवाली बेबीनंदा मला हुलग्याचे शेंगोळे द्यायची, ठेचून लसूण घातलेले. एकदा हमालांत वाद लागला, जास्त पोती कोण उचलतो, मटणवाला का हुलगेवाला. गुळाच्या भेलीची पैज.

इरम : मग?

भिवा : ह्यानं माझ्यापेक्षा एकवीस पोती जास्त उचलली. दुसऱ्या दिवशी ह्याच्या भावाच्या दुकानापुढं एवढी रांग, की शेवटचा माणूस वडीगोद्रीत उभा होता.

इरम : म्हणजे मटणच जिंकलं की.

भिवा : कशाचं! डबे आम्ही पहिल्या दिवसापासून बदलून खायचो. खिमा माझ्या पोटात, शेंगोळे ह्याच्या.

इरम : या अल्ला! अख्खी आष्टी फसवली तुम्ही. पण खरं सांगू, अंड्या-मटणातलं प्रोटीन अंगाला लवकर लागतं. शरीराला जे जे हवं ते एका जागी मिळतं. डाळी-हुलग्यात थोडं कमी पडतं.

भिवा : मंग ते कशानं भरायचं?

इरम : ज्वारीनं. हुलग्यात जे कमी ते ज्वारीत, ज्वारीत जे कमी ते हुलग्यात. फक्त पोटभर खावं लागतं. दादा खातात चिमणीएवढं, म्हणून मी अंड्याच्या मागं लागलेय.

भिवा : बेबीनंदानं शाळा बघितली न्हाई, पण शेंगोळ्यात ज्वारीचं पीठ बराबर मिसळायची.

इरम : डबे बदलतात हे आजींना माहीत होतं?

भिवा : आठ दिवसांत कळलं. डबा धुऊन यायचा ना! मी जन्मात कधी डबा धुतला न्हाई. ह्याला मात्र ह्याच्या अम्मीची शिकवण, दुसऱ्याचा डबा खरकटा द्यायचा न्हाई. बेबीनंदा मला काही बोलली न्हाई. पीठ तेवढं मूठभर जास्त मळायला लागली.

फकरोद्दीन : आणि मी दवाखान्यात पडून राह्यलो तवा ती गेली. तिच्या मातीला मी आलो न्हाई, भिव्या. चार खांद्यांत एक माझा पायजे होता. मंग घास कसा उतरंल?

भिवा : म्हणून तर आलो. धर हे.

फकरोद्दीन : काय हाय?

भिवा : शेंगोळे. मीच केले. पहिल्यांदाचे कुत्र्यानं हुंगले अन् माझ्याकडं कीव करून बघितलं. दुसऱ्यांदाचे पातेल्याला चिकटले, ते पातेलं अजून सोडून राह्यलं न्हाई. हे तिसऱ्या खेपेचे.

फकरोद्दीन : (एक घास बराच वेळ चावून) लसूण कमी हाय.

भिवा : माहीत हाय.

फकरोद्दीन : मीठ जास्त.

भिवा : ते बी माहीत हाय. खा.

इरम : दादा, सोबत एक अंडं? आजच्यापुरतं?

फकरोद्दीन : दोन्ही आण. एक मला, एक ह्याला. बदल्यात काही दिल्याशिवाय ह्याचा डबा मी कधी खाल्ला न्हाई.

भिवा : आन गं पोरी, जल्दी. त्याचं मन फिरायच्या आत.

फकरोद्दीन : आणि तो वॉकर इकडं सरकव. मोरीपर्यंत जातो.

इरम : मोरीत कशाला? हात इथंच धुऊन देते मी.

फकरोद्दीन : हात न्हाई, बेटी. डबा धुवायचाय.